पानं ओली, फुगे अपुरे : चित्रकथा काढणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या आहेत. पावसात शाई फुटते, आणि मराठी संवाद फुग्यात मावत नाहीत. म्हणून या दोन्हींना जागा जास्त दिली आहे. बाकी उत्तरं गरजेपुरती आहेत.

प्रश्न : जून लागला की माझी प्रत्येक रेघ फुटते. कागद तोच, शाई तीच, निबही तीच. मे महिन्यात काही त्रास नव्हता. शिवाय काढलेल्या पानाच्या कडा लाटांसारख्या वर येतात. शाई बदलू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शाई बदलू नका, आधी कागद कोरडा करा. जुलैत गोव्यातली सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते आणि त्या खळीमुळेच शाई वरच्यावर थांबते. कागदाने ओल धरली की तंतू फुगतात, खळीचा जोर कमी होतो आणि शाई तंतूंच्या वाटेने पसरते. दमट हवेत ती वाळतेही उशिरा, म्हणजे पसरायला तिला वेळही जास्त मिळतो.

तरी एक खात्री आधी करून घ्या. त्याच पानाच्या कोऱ्या कोपऱ्यात एक रेघ ओढा आणि जिथे खोडरबर चालवला आहे तिथे दुसरी. दोन्ही फुटल्या तर ओल. दुसरीच फुटली तर खोडरबराने वरचा थर उचकटला आहे. मग पेन्सिल एच किंवा २एच वापरा, हात हलका ठेवा, नाहीतर कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीने करा म्हणजे खोडायची वेळच येत नाही. रेघ फुटत नाही पण मधेमधे तुटते, असं असेल तर तिथे हाताचा घाम आणि तेल लागलंय. मनगटाखाली सुटा कागद ठेवा आणि तो दर तासाला बदला. ओला झालेला तोच कागद दिवसभर सरकवत बसण्याने काही साधत नाही.

आता ओलीवरचा उपाय. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, पान आडवं मावेल एवढा. पन्नासेक पानांना १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. ते पातळ सुती पिशवीत बांधा, दाणे कागदावर सांडू देऊ नका. नारिंगी दाण्यांचा प्रकार घ्या. ओल भरली की ते हिरवट होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणेही मिळतात, पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नको. रंग पालटला की दाणे ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. ज्यात खाद्यपदार्थ भाजता ती भट्टी यासाठी वापरू नका.

डब्यातून एका वेळी एकच पान काढा. सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला तर कडा आधी ओल पितात, मधला भाग कोरडाच राहतो, आणि या फरकामुळेच लाटा येतात. पान काढल्याबरोबर चारही बाजूंनी कागदी टेप लावून फळीवर ताणून बसवा आणि शाईचं काम पुरं होऊन वाळेपर्यंत टेप काढू नका. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज कागद पावसाळ्यात तग धरत नाही. २१० जीएसएमपासून पुढचं आयव्हरी कार्ड किंवा ब्रिस्टल घ्या. आयव्हरी स्वस्त आहे आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर निब अडकत नाही.

वाळण्याचे हिशेबही पावसाळ्यात बदलतात. उन्हाळ्यात वीस मिनिटांनी पेन्सिल खोडता येते. जुलैत दोन तास थांबा. मोठी काळी जागा असेल तर रात्रभर. वरून कोरडी दिसणारी शाई आतून ओली असते, आणि खोडरबर फिरला की सगळं पान राखाडी होतं. मोठा काळा भाग एकाच जाड हातात भरू नका, दोन पातळ हात द्या. पंखा थेट पानावर सोडू नका. त्याने पान कमी आणि निबवरची शाई जास्त वाळते. एअर कंडिशनर असेल तर तो ‘ड्राय’वर ठेवा.

निब पोलादी असतात, गंजतात. काम संपलं की पाण्यात बुचकळून, पुसून, त्याच सिलिकाच्या डब्यात ठेवा. मोठ्या बाटलीत निब बुडवू नका. छोट्या वाटीत दिवसापुरती शाई काढा आणि उरलेली टाकून द्या. परत बाटलीत ओतलेल्या शाईबरोबर बुरशीही आत जाते. वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरू नका. तिच्यातली लाख आत सुकली की पेन कायमचं गेलं.

तयार पानं कपाटात ठेवताना कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर असू द्या. चिऱ्याच्या भिंती पाऊस संपल्यावरही बरेच दिवस ओल सोडत राहतात. पानं पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई त्यांना चिकटून येते. लॅमिनेशन तर मुळीच नको.

प्रश्न : इंग्रजी कॉमिक्स बघून मी चौकटी आखते. चित्र छान जमतं, पण मराठी संवाद लिहायला घेतले की फुगा नेहमी लहान पडतो, किंवा पात्राच्या कपाळावर येतो. संगणकावर लिहिलं तर जोडाक्षरं तुटतात.
— कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी आहेत. तिन्हींना एकच शिस्त लागू आहे: चित्राआधी अक्षर. वाचक पान बघत नाही, वाचतो. त्याची नजर एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उडी मारते आणि चित्र त्या वाटेवर भेटतं. ती वाट आधी ठरली नाही तर कितीही देखणी चौकट फुकट जाते.

पहिली अडचण उंचीची. रोमन लिपीतली मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं. इंग्रजी कॉमिक्सच्या ओळींचं अंतर जसंच्या तसं उचललं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. त्यासाठी स्वतःची आखणी करा. पान ए४ मापात काढून ए५ मध्ये छापायचं असेल तर शिरोरेषेपासून पायापर्यंत ४ मिलिमीटर, वर २, खाली २, म्हणजे दोन शिरोरेषांमध्ये ८ मिलिमीटर. छापताना हे ७१ टक्के होतं, अक्षराचं अंग २.८ मिलिमीटर राहतं आणि चष्मा लावणाऱ्या वाचकालाही ते वाचता येतं. ३ मिलिमीटरच्या खाली काढू नका, कारण छापल्यावर ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे ओळखता येणार नाहीत. ही आखणी जाड कार्डावर कायमची करून ठेवा आणि पानाखाली घालून लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेटीवर) वापरा.

दुसरी अडचण रुंदीची. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘बाजारातल्यासारखं’ हा एकच शब्द आहे, आणि तो ओळीच्या शेवटी तोडता येत नाही, कारण शिरोरेषा तुटली की शब्दच तुटतो. उंच, अरुंद फुग्यात असा एक शब्द आला की सगळ्या ओळी त्याच्या मापाने सैल पडतात. म्हणून मराठीसाठी फुगा आडवा आणि बुटका ठेवा: तीन ओळी, मधली सर्वांत लांब. एका फुग्यात २० ते २२ शब्द, ए५ पानावर सगळे मिळून ९० पर्यंत. यापेक्षा जास्त झालं तर अक्षर बारीक न करता वाक्य कापा. चित्रात जे दिसतंय ते संवादात सांगत असलात तर हमखास तेच वाक्य उडवता येतं.

क्रम असा ठेवा. संवाद पातळ ट्रेसिंगवर खऱ्या मापात लिहा. ते तुकडे कापून कोऱ्या चौकटीवर सरकवत जागा ठरवा. आधी बोलणारा डावीकडे किंवा वर. मगच माणसं काढा. हाच क्रम उलटा केल्याने फुगा कपाळावर येतो, आणि दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात त्यालाही कारण हेच. चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा संवादाचा धरून चाला. पात्राचं डोकं तिथे घुसवायचा मोह टाळा. फुग्याच्या आत चारही बाजूंना एका अक्षराच्या अंगाइतकी मोकळी जागा सोडा, आणि वरच्या बाजूला मात्रेची २ मिलिमीटर वेगळी धरा, नाहीतर पहिल्या ओळीची वेलांटी कडेला टेकते. शेपूट तोंडाच्या दिशेने जाऊ द्या, पण तोंडापर्यंत नेऊ नका, अर्ध्या वाटेवर थांबवा.

हाताने लिहिताना ०.५ मिलिमीटरचं पिगमेंट पेन घ्या. तिरक्या कापाचा बोरू शीर्षकांना शोभतो, पण एवढ्या लहान मापात त्याच्या बारीक रेघा छपाईत नाहीशा होतात. शब्दातली अक्षरं आधी लिहा आणि शिरोरेषा शेवटी, एका दमात ओढा, म्हणजे ओळ सरळ दिसते. आपल्याकडे ओरडण्यासाठी मोठी लिपी वेगळी नाही, म्हणून आवाज चढवायचा तर तेवढाच शब्द दीडपट करा आणि जाड करा. सगळाच फुगा जाड केला तर कोणता शब्द ठसठशीत आहे तेच कळत नाही. कुजबुज असेल तर फुग्याची कड तुटक. ध्वनिशब्द मात्र लिहू नका, काढा. ‘धप्प’, ‘खळ्ळ’, ‘फस्स’ हे चित्राचाच भाग आहेत; त्यांची शिरोरेषा वाकवा, तोडा, चौकटीबाहेर जाऊ द्या.

तिसरी अडचण संगणकाची. जोडाक्षरं तुटतात याचा अर्थ त्या सॉफ्टवेअरला भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी येत नाही. फाँट बदलून ते सुटत नाही. चित्र हवं तिथे करा, अक्षरं इंकस्केपमध्ये टाका. ते मोफत आहे आणि देवनागरी बरोबर जुळवतं. फोटोशॉप वापरत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडा आणि फाइल पुन्हा उघडा. फाँट युनिकोडच हवा. ‘कलम’ हस्ताक्षराच्या वळणाचा आहे, ‘बालू’ गोलसर आणि जाड आहे; दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, छापायला चालतात. फाइल प्रेसला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे निव्वळ आकारांत, रूपांतर करा, नाहीतर तुमच्याकडे नीट दिसणारी ‘र्‍या’ तिकडे फुटते. मूळ फाइल वेगळी जपा, कारण रूपांतरानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

प्रश्न : ए५ आकाराचं २४ पानांचं पुस्तक काढतोय. ए४ कागदावरच काढलं तर चालेल ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : चित्र ए४ मापाचं असू द्या, कागद त्याहून मोठा घ्या. जी चित्रं पानाच्या कडेपर्यंत जातात त्यांना छाटणीसाठी बाहेर ३ मिलिमीटर जास्त हवेत. तुमच्या मोठ्या मापात ते सव्वाचार होतात, ५ धरा. ए४ कागदावर हे ५ मिलिमीटर आणायचे कुठून? ए३ कागदावर ए४ची चौकट आखा, बाहेर ५ची दुसरी, आणि आत १५ची तिसरी. सगळे शब्द तिसऱ्या चौकटीच्या आत. छाटणारं यंत्र एखाद्या मिलिमीटरने सरकतंच.

२४ हा आकडा योग्य आहे. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीत लागतात. मुखपृष्ठाची चार त्यात धरलीत की वेगळी, हे प्रेसशी आधी बोला. आणि कथेतला धक्का सम क्रमांकाच्या पानावर ठेवा: पान उलटल्यावर पहिलं दिसतं ते डावीकडचं, म्हणजे सम. विषम पानावर ठेवलेला धक्का समोरचं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून जातो.

०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नको. बाहेरची रेघ ०.४५ ते ०.५, आतली ०.२५ असा फरक ठेवलात तर लहान झाल्यावरही आकृती मागच्या दृश्यातून उठून दिसते.

प्रश्न : प्रेसमधून आलेल्या पुस्तकात माझ्या काळ्या रेघा राखाडी आणि कडेने ठिपकेदार आल्या. मूळ पान एकदम काळंभोर आहे.
— एक वाचक, वास्को

उत्तर : स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), राखाडी छटांत केलं असावं. ऑफसेटमध्ये राखाडी छापायची तर ती ठिपक्यांत मोडावी लागते. रेघेच्या कडेला स्कॅनरने जे राखाडी बिंदू पकडले तेच ठिपके होऊन छापले गेले.

स्कॅन ६०० डीपीआय, ग्रेस्केलमध्ये करा. लेव्हल्समध्ये पांढरा टोकाला आणि काळा टोकाला ओढा. मग फाइल छापायच्या मापात आणून १२०० डीपीआय करा आणि थ्रेशोल्डने (कोणत्या छटेपर्यंत काळं धरायचं ती सीमा) निव्वळ काळी-पांढरी, म्हणजे बिटमॅप करा. थ्रेशोल्ड जास्त चढवला तर बारीक रेघा जाड होऊन एकमेकींना चिकटतात, कमी ठेवला तर तुटतात. केस आणि पापण्या यांच्यावर नजर ठेवून ठरवा. टिफमध्ये जतन करा. जेपीजी रेघेभोवती घाण सोडतं. रंगीत काम असेल तर रेघ आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. आरजीबीतला (पडद्यावरच्या रंगांतला) काळा तसाच सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) गेला की चार शाया एकमेकींवर येतात आणि प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक अक्षराला लाल-निळी किनार दिसते.

ए४ स्कॅनरवर पान मावत नसेल तर दोन तुकड्यांत घ्या, मधे ३-४ सेंटिमीटर सामाईक ठेवून, आणि पान फिरवू नका, फक्त सरकवा. फोनने काढलेला फोटो छपाईला चालत नाही. कोपरे वाकतात आणि उजेड एका बाजूला झुकतो.

प्रश्न : नोकरी सांभाळून रोज रात्री काढते. आठवड्यात पान पुरं होत नाही, आणि अंगठा व पहिली दोन बोटं रात्री बधिर होतात.
— एक वाचक, पणजी

उत्तर : बोटांचं आधी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि त्रास रात्री जास्त, हे मनगटातली नस दाबली जाण्याचं नेहमीचं लक्षण आहे. डॉक्टरांना दाखवा, लांबवू नका. टेबलाची फळी २० ते ३० अंश वर उचला म्हणजे मनगट मोडून धरावं लागत नाही. पेनाला स्पंजची जाड नळी घाला. लांब रेघ कोपरातून ओढा. ४० मिनिटांनी ५ मिनिटं उठायचंच. दिवा उजव्या हाताने काढणाऱ्यांच्या डावीकडे.

ए५साठीच्या पाच चौकटींच्या काळ्या-पांढऱ्या पानाला सरावलेल्या हाताला सात-आठ तास लागतात. कच्चा आराखडा वीस मिनिटं, संवाद आणि फुग्यांची मांडणी पाऊण तास, पेन्सिल अडीच तास, शाई अडीच तास, अक्षरं आणि काळे भाग तासभर, स्कॅन आणि सफाई अर्धा तास. नोकरी सांभाळून आठवड्यात पान पुरं होत नाही, याचा अर्थ तुमचा वेग कमी आहे असा नाही.

वेळ वाचतो तो एका जागी: चार पानं एकदम धरा. चारही पानांची मांडणी, मग चारहींची पेन्सिल, मग शाई. पात्राचा चेहरा पान बदलल्यावर बदलत नाही, आणि शाईचा हात एकदा बसला की तो त्याच रात्री चार पानांवर चालतो. दमलेल्या रात्री पेन्सिल करू नका. काळे भाग भरा, चौकटींच्या कडा ओढा. त्याला निर्णय लागत नाहीत.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी स्केचिंगला कुठे जावं? समुद्रकिनारे काढून कंटाळा आला. काय काय सोबत न्यावं?
— चित्रकथा काढणारे दोघे मित्र, मडगाव

उत्तर : कंटाळा येणारच. किनाऱ्यावर क्षितिजाची एक आडवी रेघ आणि पाठमोरी माणसं, एवढ्यावर कथा चालत नाही. चित्रकथेला हवी असते माणसांची गर्दी, हातांची कामं आणि दारं-जिने.

पहिलं ठिकाण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सकाळी आठच्या आत पोचा. ऊन तिरकं असतं, सावल्या लांब पडतात आणि विकणारे अजून मांडामांडी करत असतात. दुपारी बाराला डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी नुसत्या काळ्या होतात आणि सगळे चेहरे सारखे दिसतात. चोरीस या सॉसेजच्या माळा, मडकी, केळीचे घड हे सगळं लागेल, पण जास्त जपून घ्या ते हात: पैसे मोजणारे, वजनकाटा धरणारे, पिशवी सोडवणारे.

दुसरं, फेरीबोट. जुने गोवे ते दिवाडी किंवा रायबंदर ते चोडण. मांडवी ओलांडेपर्यंत माणसं स्कूटरला टेकून एका जागी उभी असतात, आणि बोट लागली की सगळी एकदम हलतात. आधी स्थिर आकृती, मग धावपळ, दोन्हींचा सराव एका फेरीत होतो. चोडणला उतरलात तर सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच आहे. तिथली कांदळवनाची मुळं नुसती काळ्या-पांढऱ्यात काढून बघा. रिकाम्या जागांचा इतका चांगला धडा दुसरीकडे मिळत नाही.

पणजीत फोंताइन्हस या जुन्या वस्तीत बाल्कांव (घरापुढचे बसायचे ओटे), गल्ल्यांचे उतार आणि रंगीत भिंती आहेत. ती लोकांची राहती घरं आहेत. दारात बसायचं तर आधी विचारा, आणि खिडकीतून आत डोकावून काढू नका. तिथून इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझापर्यंत चालत जा. प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशांवर पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. एका रंगाच्या फिक्या-गडद छटांत जवळचं आणि दूरचं कसं वेगळं केलंय ते टिपून घ्या. पुढे बाजारसंकुलात लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांची भित्तिचित्रं आहेत. त्यांच्या गर्दीत शंभर माणसं असली तरी प्रत्येकाची नजर कुठेतरी ठरलेली असते. एका चित्रासमोर उभं राहून फक्त नजरांचे बाण काढा, माणसं काढू नका. गर्दीतून वाचकाला कसं फिरवायचं ते या सरावातून कळतं.

गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर काव आहे. तांबड्या मातीचा थर ओला असताना खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. काळ्या भागातून पांढरी रेघ कशी निघते हे ज्याला शिकायचंय त्याने ते काम जवळून बघावं. आणि एक दिवस हाताशी असेल तर हद्द ओलांडून कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत रामायण-महाभारताचे प्रसंग एकेका पानावर रंगवलेले असतात आणि कथा गाताना पान बदलतं. आपण जी कला इंग्रजी कॉमिक्सवरून शिकतो म्हणतो, तिचं हे जवळचं घर आहे. मराठी चित्रकथाकाराने ते न बघणं आम्हाला फार खटकतं.

हालचाल शिकायची तर सणांचे दिवस धरा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो. चिखलाने माखलेल्या अंगावर कपड्यांचा तपशील उरत नाही, नुसता शरीराचा झोक दिसतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावच्या नरकासुरांच्या प्रतिमा बघत फिरा. राक्षसाचे खांदे, मान आणि पंजे कोणत्या प्रमाणात वाढवले की भीती वाटते, हे प्रत्येक वाड्यावर वेगळं सोडवलेलं असतं.

सामान कमीच न्या: ए५ वही, ०.५ची पेन्सिल, एक ब्रशपेन, दोन क्लिपा, झिपची पिशवी. स्टूल नको, बसलात की अर्धा तास एकाच कोनात अडकता. प्रत्येक ठिकाणी पाच नोंदी घ्या: सगळी जागा दिसेल असं एक दृश्य, कमरेपासून वर दोन माणसं, हातांचा एक तुकडा, जमिनीलगतचा एक कोन, आणि कुणाच्या तरी खांद्यावरून दिसणारं एक. कथेचं पान मांडताना याच पाच गोष्टी लागतात. बाजूला ऊन कुठून येतंय तो बाण आणि घड्याळाची वेळ लिहा. घरी आल्यावर सावल्या आठवत नाहीत, आणि चुकलेली सावली वाचकाच्या लक्षात येते. गाभाऱ्यात आणि मिस्सा चालू असताना चर्चमध्ये वही उघडायची नाही.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी कॉमिक्स काढते. ड्रॉइंग टॅबलेट घेऊन देऊ का?
— एक आई, साखळी

उत्तर : आत्ता नको. ८० जीएसएमच्या ए४ कागदांचं एक रीम, एचबी आणि २बी पेन्सिल, ०.५चं काळं पेन, पट्टी आणि कात्री द्या. एक कागद तीनदा दुमडून उघडला की आठ घरं होतात. कागद मधोमध आखूड बाजूने दुमडा, आणि दुमडलेल्या कडेपासून मधल्या घडीपर्यंत, दोन घरांमधल्या घडीवरून, कात्री चालवा. उघडून लांबीने दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. आठ पानांचं पुस्तक तयार होतं, शिलाई न लागता. सगळी चित्रं कागदाच्या एकाच बाजूला असल्याने झेरॉक्सवाल्याकडे एका प्रतीत पुस्तक निघतं. वर्गात वाटलेलं असं एक पुस्तक तिला टॅबलेटपेक्षा जास्त शिकवेल, कारण मैत्रिणी कुठे हसल्या आणि कुठे त्यांना कळलं नाही ते तिला समोर दिसेल.

प्रश्न : एका संस्थेने तोंडी ठरवून चित्रकथा काढून घेतली, आता तीच चित्रं टी-शर्टवर छापतेय. आमचा काही हक्क उरतो का?
— एक वाचक, काणकोण (अशाच आशयाची आणखीही पत्रं आली आहेत.)

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात सर्वसाधारण नियम असा की चित्र काढणारा पहिला मालक. दोन अपवाद नीट लक्षात घ्या. नोकरीचा भाग म्हणून काढलं तर मालक म्हणजे नोकरी देणारा. आणि मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या रंगचित्र किंवा व्यक्तिचित्राचा मालक, वेगळं ठरलं नसेल तर, मागवणारा धरला जातो. चित्रकथेचं पान या दुसऱ्या अपवादात ओढलं जाऊ शकतं, म्हणून तोंडी ठरवणं तुमच्याच तोट्याचं.

हक्क दुसऱ्याला देणं लेखीच लागतं. लेखात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर तो संपतो. तुमच्या प्रकरणात जुने निरोप, बिलं, पैसे आल्याच्या नोंदी गोळा करा आणि वकिलाला दाखवा. ‘पुस्तकासाठी’ असा शब्द कुठे लिहून आला असेल तर त्याला वजन आहे. पुढच्या कामाला मात्र एक पान पुरे: कोणती चित्रं, किती प्रती, कोणत्या माध्यमात, किती वर्षं, मानधन किती आणि कधी, फेरबदल किती वेळा फुकट, मूळ पानं कोणाकडे राहणार. मूळ पानं आपल्याकडेच ठेवा. छपाईचा हक्क देणं म्हणजे कागद देणं नव्हे.

प्रश्न : शाई सांडली, चूक झाली तर पांढरा रंग वर चालत नाही, पिवळट दिसतो आणि त्यावरची रेघ फुटते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : खालची शाई वॉटरप्रूफ नाही किंवा वाळलेली नाही, म्हणून ती वर येते. एक दिवस थांबा. मग पांढरं गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा ॲक्रिलिक सायीइतकं दाट करून दोन पातळ हात द्या. गुआशवर परत रेघ ओढायची असेल तर निब नको, ०.३५चं पिगमेंट पेन वापरा. निब रंगाचा थर खरवडते. चूक बोटाच्या पेरापेक्षा मोठी असेल तर तेवढा भाग वेगळ्या कागदावर काढून मागून चिकटवा: दोन्ही कागद एकावर एक ठेवून एकाच वेळी ब्लेडने कापा म्हणजे ठिगळ अचूक बसतं आणि स्कॅनमध्ये कड दिसत नाही.